अण्णा लिफ्टपाशी का बसतात?

प्रश्न : मी ४८ वर्षांची. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले. दोन वर्षांपूर्वी त्याच जागेवर झालेल्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहायला आलो. मुलुंडला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये २२ वर्षं नोकरी करते. सासरे ७८ वर्षांचे, जुने गिरणी कामगार. साखरेची गोळी पंधरा वर्षं चालू आहे. नवीन घरात आल्यापासून गप्प झालेत. हाक मारली तर ओ देत नाहीत, टीव्ही मोठ्याने लावतात, जेवण निम्म्यावर आलंय. रोज दोन-तीन तास बाहेर लिफ्टसमोर स्टूल टाकून बसतात. शेजारी काय म्हणत असतील, या विचाराने मला संकोच होतो. मिस्टर ५२ वर्षांचे. त्यांच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, यादी कधी लागेल सांगता येत नाही. पूर्वी रविवारी घ्यायचे, आता रोज घेतात. काही विचारलं की खेकसतात. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला. रात्री दोनपर्यंत जागा असतो, मार्क घसरलेत, ‘माझ्याने काही होणार नाही’ म्हणतो. सगळे सांगतात, वयच असं आहे. माझं म्हणाल तर पाळी जायची वेळ आलीय, रात्री तीनला जाग येते, बाकी काही नाही. कधीकधी गाडीत रडू येतं. घरात कोणीतरी हवं म्हणून नोकरी सोडायचं मनात आहे. सोडू का? आणि डॉक्टरकडे न्यायचंच झालं तर आधी कोणाला? ओळखीच्या कोणी पाहिलं तर?

ताई,

तुमचं पत्र वर थोडक्यात दिलंय, मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात अण्णांवर एक पान आहे, मुलावर पाऊण, मिस्टरांवर जवळजवळ तेवढंच. तुमच्या स्वतःवर चार ओळी आहेत आणि त्यातही ‘बाकी काही नाही’ दोनदा आलंय. त्या चार ओळींकडे मी येणारच आहे, पण आधी लिफ्टपाशी जाऊ.

अण्णा तिथे का बसतात, हे कोणी त्यांना विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. मी गिरगावच्या चाळीत वाढले. आईला आम्ही पुढे कांदिवलीच्या ब्लॉकमध्ये आणलं, तेव्हा पहिले कित्येक महिने ती दार उघडं ठेवायची आणि ते मिटू नये म्हणून त्याला पाट लावायची. आम्ही ओरडायचो, चोर शिरेल, मांजर शिरेल. ती ऐकून घ्यायची, आणि आम्ही ऑफिसला निघालो की परत पाट लावायची. दारावरून येणारं-जाणारं माणूस दिसल्याशिवाय तिला दिवस सुरू झाल्यासारखंच वाटत नसे, हे मला तिच्या माघारी उमगलं. तेव्हा उमगलं असतं तर मी निदान ओरडले नसते.

अण्णांना चाळीत गॅलरी होती. तिथून जाणारा प्रत्येक जण ‘काय अण्णा, चहा झाला का?’ एवढं तरी विचारून जात असणार. नळावर, जिन्यात, संडासच्या रांगेत, न ठरवता दिवसभर माणसांशी शब्द होत असणार. टॉवरमध्ये जागा मोठी मिळाली, संडास घरात आला, उजेड-वारा आला, आणि ती माणसं बंद दारांआड गेली. आता तुमच्या मजल्यावर माणूस दिसण्याची एकच जागा उरलीय, ती लिफ्टच्या दाराशी. अण्णांनी ती बरोबर शोधून काढलीय. मला तरी त्यात संकोच वाटण्यासारखं काही दिसत नाही. स्टूल आत घेऊ नका. उलट पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या.

आता ‘वयच असं आहे’बद्दल. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हे वाक्य सतत असतं. सतरा वर्षांच्या मुलाबद्दल असतं, पाळी लांबलेल्या बाईबद्दल असतं, आजोबांबद्दल तर हमखास. ते अगदीच खोटं नाही. प्रत्येक वयाची आपली ओझी असतात. कुमारवयात शरीर, अभ्यास आणि मित्रांमधलं स्थान, विशी-पंचविशीत नोकरी आणि जागा, बाळंतपणानंतर तुटलेली झोप, पन्नाशीत नोकरीची धास्ती आणि वरखालच्या दोन्ही पिढ्यांची जबाबदारी, म्हातारपणी एकटेपणा आणि गात्रं थकणं. पण हे वाक्य एकदा उच्चारलं की पुढे कोणी काही बघतच नाही, ही माझी तक्रार आहे. मोतीबिंदूही वयानेच होतो. म्हणून आपण तो तसाच ठेवतो का? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की साठीपुढच्या सुमारे १४ टक्के माणसांना कसला ना कसला मानसिक आजार असतो, आणि १० ते १९ या वयात सातातल्या एकाला. आकडे लहान नाहीत. पण त्यांचा दुसरा अर्थ असा की साठीपुढच्या बहुतेक माणसांना तो नसतो. मग अण्णांना काही होत असेल तर ते नुसतं ७८ या आकड्याने झालं, असं म्हणून कसं चालेल? वय किती, यापेक्षा ‘अलीकडे काय बदललं’ हे विचारा. तुमच्या घरात तर गेल्या दोन वर्षांत बरंच बदललंय.

अण्णांचंच घ्या. हाक मारल्यावर ओ देत नाहीत आणि टीव्ही मोठा लावतात, या दोन गोष्टी तुम्ही एकाच वाक्यात लिहिल्यात. मला पहिली शंका कानांची येते. ऐकू कमी यायला लागलं की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो, कारण दर वेळी ‘काय म्हणालात?’ विचारायची त्याला लाज वाटते. घरच्यांना वाटतं, हे लक्षच देत नाहीत. ऐकू येत नसताना उपाय न करणं हे पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकीही एक मानलं जातं, म्हणून हे लांबणीवर टाकू नका. दुसरी शंका त्या साखरेच्या गोळीची. ती मेटफॉर्मिन असेल तर वर्षानुवर्षं घेतल्यावर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. बी-१२ कमी झालं किंवा थायरॉइड मंदावलं तरी माणूस सुस्तावतो, उदास दिसतो, विसरायला लागतो. एका रक्ततपासणीत ते कळतं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

कान आणि रक्त दोन्ही ठीक निघालं, तरी जेवण तेवढंच राहिलं आणि कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. म्हातारपणचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. भूक जाणं, अंग दुखणं, हालचाल मंदावणं, विसरणं अशा रूपांत ते येतं, आणि उपचारांनी या वयातही ते बरं होतं. गोळ्या दिल्या तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून कोणी त्या थांबवू नयेत, आणि बरं वाटायला लागलं म्हणून परस्पर सोडूही नयेत.

मिस्टरांबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. संपानंतर अण्णांनी सात वर्षं रात्रपाळीचं वॉचमनचं काम केलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या किती तरी जणांना गिरणीचं दार परत दिसलं नाही. तुमचे मिस्टर तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील. ऐन उमेदीतला बाप घरी बसलेला त्यांनी पाहिलाय. आज ५२ व्या वर्षी ते स्वतः यादीची वाट बघताहेत. या धास्तीत जुनी धास्ती मिसळलेली असणं मला अगदी शक्य वाटतं. पुरुष उदास झाला की बरेचदा चिडका होतो, ते बाहेरून स्वभावासारखं दिसतं. आणि दारूने झोप लागल्यासारखी वाटते खरी, पण ती मध्यरात्री मोडते आणि दुसरा दिवस आणखी जड जातो.

त्यांच्याशी रात्री बोलू नका. रविवारी सकाळी बोला, आणि दारूवरून सुरुवात करू नका. तुम्ही २२ वर्षं दुसऱ्यांच्या कंपनीचे हिशेब लिहिता, या एका सकाळी घरचे लिहा. पीएफ किती, ग्रॅच्युइटी किती बसेल, मुलाच्या पुढच्या फिया, टॉवरचा मेंटेनन्स, आणि उद्या यादी लागली तर एका पगारात किती महिने निघतील. कागदावर आकडा आला की माणसाला त्याच्याशी काहीतरी करता येतं. आकडा वाईट निघाला तरी. रोजचं पिणं मात्र बरंच असेल तर एकदम तोडायला लावू नका, अंग थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करायचं.

मुलाच्या जागरणातला थोडा भाग खरंच वयाचा आहे. कुमारवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येतच नाही. पण झोपेची गरज काही कमी होत नाही, ८ ते १० तास लागतात. तेव्हा सकाळच्या आरडाओरड्यापेक्षा रात्रीचा मोबाइल तासभर अलीकडे बंद होईल हे पाहा, आणि त्यात तुम्ही दोघंही सामील व्हा. माझं लक्ष मात्र त्याच्या वाक्याकडे जातं. ‘माझ्याने काही होणार नाही’ हे परीक्षेबद्दल असू शकतं, किंवा त्याहून मोठ्या कशाबद्दल. ते नुसत्या अंदाजावर ठेवू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, ‘तुला कधी जगणं नकोसं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला, किंवा नुसता मान खाली घालून राहिला, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. ही वेळ आली तर बाकी सगळा क्रम बाजूला ठेवा. हे आजच विचारा, बाकीचं सगळं दोन-चार दिवसांनी चालेल.

तसं काही नसेल, तर त्यालाही विचारा काय बदललं. त्याचीही चाळ गेलीय. आणि बाबांच्या नोकरीचं त्याला माहीत नाही असं समजू नका. क्लासच्या फीचं ओझं आपल्यामुळे झालं, असंही तो मनात धरून बसला असेल. त्याला हिशेबाच्या त्या रविवारात शेवटची पंधरा मिनिटं तरी बसवा.

आता तुमच्या चार ओळी.

आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, आणि त्याआधीची काही वर्षं शरीर डळमळतं. रात्री घामाघूम होऊन जाग येणं, छातीत धडधडणं, शब्द न आठवणं, कारण नसताना डोळे भरणं हे त्यात येतं. नैराश्याचा धोकाही या काळात वाढतो. इथेसुद्धा तोच प्रश्न : यावर उपाय आहेत, मग सोसत का बसायचं? स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, विशेषतः या दिवसांत अंगावरून जास्त जात असेल तर. झोपेबद्दल आणि रडण्याबद्दल त्यांना स्पष्ट सांगा, नुसतं ‘पाळी मागेपुढे होते’ म्हणून उठू नका. हार्मोनची औषधं, मनासाठीची औषधं, समुपदेशन असे पर्याय आहेत, तुम्हाला कोणतं चालेल ते डॉक्टर तुमची तब्येत बघून ठरवतील.

आणि गाडीत रडू येतं त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की विक्रोळी गेलं की कधीकधी डोळे वाहायला लागतात, आणि लोकलच्या डब्यातल्या तुमच्या ग्रुपमधली एक जण काही न विचारता पाण्याची बाटली पुढे करते. ते वाचून मी थांबले. ताई, अण्णांची गॅलरी गेली, तुमची अजून आहे. ती रोज सकाळी करी रोडला गाडीत चढते. जिथे काही न सांगता कोणाला तरी तुमचं कळतं, अशी ती एकच जागा तुम्ही मला या पत्रात दाखवलीत. नोकरी सोडाल तर पगाराबरोबर तीही जाईल, आणि लिफ्टसमोर दोन खुर्च्या लागतील.

म्हणून आत्ता राजीनामा देऊ नका. मिस्टरांच्या पगाराची शाश्वती नसताना दुसरा पगार थांबवणं घराला परवडणारं नाही, हे तर आहेच. पण ज्या बाईची झोप महिनोन्‌महिने पहाटे तीनला मोडतेय, तिने तीनच्या विचारांवर २२ वर्षांची नोकरी सोडू नये, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. शिवाय तुम्ही घरी बसल्याने अण्णांना ऐकू येणार नाही, यादी टळणार नाही. चौघांचं सगळं एका माणसाच्या घरी असण्याने सुटेल, हा तुमचा हिशेब मला पटत नाही. तीन महिने निर्णय पुढे ढकला. साठलेली रजा असेल तर त्यातली आठ दिवस आत्ता घ्या, तपासण्यांसाठी. कामाची वेळ तासभर अलीकडे-पलीकडे होते का विचारून बघा. तीन महिन्यांनी तुमची झोप जागेवर असेल आणि तरीही सोडावीशी वाटली, किंवा अण्णांना खरोखर हाताशी माणूस लागायला लागलं, तर तेव्हा आपण पुन्हा बोलू. तेव्हाचं उत्तर कदाचित वेगळं असेल.

आधी कोणाला न्यायचं, तर तुम्ही स्वतःला, याच आठवड्यात. अण्णांना मिस्टरांनी न्यायचं. परळचं केईएम तुम्हाला जवळ आहे, कान, रक्त, मन सगळ्याचे विभाग एकाच आवारात. सकाळी लवकर केसपेपरच्या रांगेत लागावं लागेल, वेळ जाईल. जाऊ दे. बाप-लेकाला एकत्र रांगेत उभं राहून किती वर्षं झाली असतील? त्या रांगेत मिस्टरांनी १९८२ चा विषय काढला तर बरं होईल. घर कसं चालवलंत, भीती वाटायची का, हे अण्णांना बहुधा कोणीच विचारलेलं नाही, आणि आत्ता त्याचं उत्तर तुमच्या मिस्टरांना हवंय.

कोणी पाहिलं तर? ओपीडीत माणूस कान दाखवायला आलाय की मन, हे बाहेरच्याला कळत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच धरायचं असं त्याच कायद्यात आहे, तेव्हा पॉलिसीचे कागद काढून बघा. पायरी चढायचीच भीती वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तो सुरू केला, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलाच्या मोबाइलमध्येही तो आजच सेव्ह करून ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे.

हे पत्र वाचून ज्यांना आपलं घर आठवलं असेल त्यांच्यासाठी एक मोजमाप देते. वय कुठलंही असो, माणूस स्वतःच्या पूर्वीच्या वागण्यापेक्षा बदललाय, ते दोन आठवडे टिकलंय, आणि त्यामुळे खाणं, झोप किंवा रोजचं काम अडतंय, असं दिसलं की डॉक्टरांना दाखवा. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलींच्या आयांना आणि सासवांना खास सांगते. पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे, पण दोन आठवडे उलटूनही ते ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, तर ‘बाळंतपणात असं होतंच’ म्हणत थांबू नका.

अण्णांसाठी अजून दोन गोष्टी. संध्याकाळी पाच ते सात आतलं लाकडी दार उघडं ठेवा, बाहेरचा जाळीचा सेफ्टी डोअर लावलेला असू दे. मजल्यावरच्या दोन-तीन घरांना तुम्ही सांगितलंत तर तीही ठेवतील, त्यातले अर्धे तुमच्याच चाळीतले आहेत. दुसरं, चाळीच्या गणपतीच्या वर्गणीची वही पंचवीस वर्षं अण्णांकडे होती, आता मुलं ॲपवर पैसे घेतात, असं तुम्ही लिहिलंत. मंडळाच्या मुलांशी बोला. पैसे ॲपवर येऊ देत, पण कोणाकडून आले, कोणाचे राहिले, याची वही अण्णा लिहितील. त्या निमित्ताने त्यांना दारोदार जाता येईल, आणि त्यांच्या दारी कोणी येईल.

आज ऑफिसमधून आल्यावर लिफ्टचं दार उघडेल तेव्हा ते समोरच असतील. लगेच आत जाऊ नका. पर्स खाली ठेवा, पाच मिनिटं तिथेच थांबा, आणि त्यांच्या कानाशी वाकून जरा मोठ्याने विचारा, ‘काय अण्णा, चहा झाला का?’